दोन भागांच्या मराठी कीबोर्डसाठी आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

हे पत्र मी सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण मनगटाच्या दुखण्यामुळे दोन भागांचा कीबोर्ड स्वतः घडवावा असा विचार करणाऱ्या इतर मराठी लिहिणाऱ्यांनाही आपल्या मार्गदर्शनाचा उपयोग व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तयार आराखड्यांची उणीव नव्हती. ४२ कळांच्या ‘कॉर्न’ या दोन भागांच्या कीबोर्डचा आराखडा सर्वांसाठी खुला आहे आणि तोच घ्यावा असे मला अनेकांनी सुचवले होते. आपण मात्र आधी विचारले की दिवसभर मी कोणत्या लिपीत लिहितो. मी इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड-मांडणीवर अनुवाद करतो हे कळल्यावर आपण त्या मांडणीचा तक्ता समोर घेतलात आणि कीबोर्डचा सगळा विचार तिथूनच सुरू केलात, याचे मोल मला आज अधिक कळते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. त्यामुळे ‘क्रिया’ हा शब्द लिहिताना क, पाय मोडण्याची खूण, र, वेलांटी, य आणि काना या सहाही कळा उजव्या आणि डाव्या हाताने आळीपाळीने दाबल्या जातात. ही मांडणी दोन भागांच्या कीबोर्डला किती अनुकूल आहे, हे माझ्या त्याआधी कधी लक्षात आले नव्हते.

त्याच तक्त्यावरून आपण अडचणीही दाखवल्या. ज, ड, च, ट आणि य ही रोजची अक्षरे उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात, तर ‘कृपा’मधली मात्रा आणि ‘डॉक्टर’मधला अर्धचंद्र त्याही पलीकडच्या कळांवर असतात. इंग्रजीपुरता विचार करून कळा कमी केल्या की नेमकी हीच अक्षरे दुसऱ्या थरात, म्हणजे वेगळी कळ धरून ठेवल्यावरच मिळणाऱ्या अक्षरांत, ढकलली जातात. म्हणून आपल्या सल्ल्याने डाव्या अर्ध्यात सहा आणि उजव्या अर्ध्यात सात स्तंभ ठेवले, दोन्हीकडे अंगठ्यासाठी चार-चार कळा दिल्या आणि एकूण संख्या ६० झाली. इंग्रजी ‘बी’च्या कळेवरचा व डाव्या अर्ध्यात गेला, तेव्हा तो उजव्या अंगठ्याखालीही द्यावा ही सूचना आपलीच. क्यूएमके या फर्मवेअरमध्ये (कीबोर्डच्या आत चालणाऱ्या प्रणालीत) एकच अक्षर दोन कळांना देता येते, त्यामुळे ती सहज अमलात आली.

सर्किट बोर्ड आखण्याच्या किकॅड या सॉफ्टवेअरमध्ये रेषा ओढण्याआधी आराखडा कागदावर मूळ मापात छापून त्यावर हात ठेवायला आपण लावलेत. दोन कळांच्या केंद्रांमधले १९.०५ मिलिमीटरचे प्रचलित अंतर मला सोयीचे होते, पण करंगळीचे स्तंभ पुष्कळ खाली आणावे लागतील हे त्या कागदानेच सांगितले. टंकलेखन यंत्रातल्या दांड्यांच्या सोयीसाठी आडव्या ओळी एकमेकींपासून सरकवलेल्या होत्या. त्या दांड्या गेल्या तरी ती रचना आजही बहुतेक कीबोर्डांवर टिकून आहे, आणि बोटांची लांबी पाहून स्तंभ वर-खाली करणे हाच मला तिच्यावरचा खरा उपाय वाटतो.

विजेच्या जोडणीबाबतही आपण केवळ कृती सांगून थांबला नाहीत. उजव्या अर्ध्यातल्या ३२ कळा ओळी आणि स्तंभांच्या जाळ्यामुळे नियंत्रक चिपच्या केवळ १२ पिनांवर कशा वाचल्या जातात, आणि प्रत्येक कळेला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसेल तर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्यावर चौथीही दाबल्याचा भास कसा होतो, हे आपण आकृती काढून समजावलेत. कीबोर्ड संगणकाला जोडलेला असताना दोन अर्ध्यांमधली ऑडिओ प्रकारची केबल काढू नये, कारण प्लग सरकताना भलतेच संपर्क एकमेकांना टेकून शॉर्ट सर्किट होऊ शकते, हा आपला इशारा मी दोन्ही खोक्यांच्या तळाशी लिहून ठेवला आहे.

आता माझे अनुवादाचे सगळे काम याच कीबोर्डवर चालते. आपण या साऱ्याचा मोबदला घेतला नाहीत, म्हणून एवढेच विचारतो: बोर्डाच्या आणि फर्मवेअरच्या फाइल्स मी कोणालाही वापरता येतील अशा खुल्या करणार आहे, तर रचनाकार म्हणून त्यांवर आपले नाव आधी आणि माझे नंतर लिहिण्याची परवानगी आपण द्यावी, ही नम्र विनंती.

आपला कृतज्ञ,
एक अनुवादक