ती लाल ओळ दिसली तर कळवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'मी रोबो नाही' या चौकोनाला, म्हणजे कॅप्चाला, लोक वैतागतात. माझी पंचाईत त्याहून मोठी. मी सॉफ्टवेअर टेस्टर, माझं कामच रोबो चालवण्याचं. रात्री दोनला सेलेनियमची (ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाची) स्क्रिप्ट ब्राउझर उघडते, नोंदणीचा फॉर्म भरते आणि कॅप्चापाशी अडते. अडायलाच हवी, कॅप्चा बसवलाय त्याचसाठी.

सकाळी टेस्ट फेल दिसल्या की वरिष्ठ विचारतात, "फोडता येत नाही का?" पैसे घेऊन कॅप्चा सोडवून देणाऱ्या सेवा आहेत, पण मी त्यांच्या वाटेला जात नाही. घराला कुलूप आपणच लावायचं आणि रोज पैसे मोजून ते दुसऱ्याकडून उघडून घ्यायचं, हा कुठला शहाणपणा? कॅप्चा चालतो की नाही, हे तो बनवणारे बघतील. तो पास झाल्यावर फॉर्म पुढे जातो का आणि नापास झाल्यावर अडतो का, एवढंच मला बघायचं असतं. चाचणीच्या सर्व्हरवर कॅप्चा बंद ठेवा, असं सेलेनियमवालेही सांगतात. गूगलने रीकॅप्चा या आपल्या कॅप्चाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी 'टेस्ट की' (साइटला कॅप्चाशी जोडणारे, फक्त चाचणीपुरते कोड) दिल्यात, त्या कायम पास करतात. क्लाउडफ्लेअर कंपनीच्या टर्नस्टाइल या कॅप्चाच्या पर्यायात तर कायम नापास करणारीही आहे. मला तीच जास्त आवडते. नापासाची वाट सहसा कुणी तपासत नाही.

हे सगळं माहीत असूनही एकदा आमची घाई नडली. चाचणीच्या सर्व्हरवरची सेटिंगची फाइल जशीच्या तशी उचलली गेली आणि गूगलची टेस्ट की खऱ्या साइटवर जाऊन बसली. टेस्ट सगळ्या हिरव्यागार, म्हणजे पास. चौथ्या दिवशी एका आजोबांचा फोन आला : "चौकोनात लाल अक्षरांत लिहिलंय, हे फक्त चाचणीसाठी आहे, दिसलं तर कळवा. म्हणून कळवतोय." तोवर बनावट खात्यांचा ढीग साचला होता. ते पान आम्ही चार दिवस उघडत होतो, ती ओळ एकानेही वाचली नव्हती.

आता सर्व्हर सुरू होतानाच की तपासली जाते. टेस्ट की सापडली तर साइट चालूच होत नाही.

वाचकांना कुठे अशी लाल ओळ दिसली तर त्या साइटला जरूर कळवावं. पलीकडे कुणीतरी हिरव्या टेस्ट बघून निर्धास्त बसलेला असतो.

– एक सॉफ्टवेअर टेस्टर