पेटीबाहेरच्या माश्यांनाही जागा हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२० मे रोजी जागतिक मधमाशी दिन झाला. त्या दिवशीच्या बातम्यांत पेट्या होत्या, मध होता, महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघर या 'मधाच्या गावा'चे कौतुक होते. ते व्हायलाच हवे. पण मध न देणाऱ्या माश्यांबद्दल कुठे एक ओळ वाचायला मिळाली नाही. मधमाशीच्या गोतात जगभर सुमारे २० हजार जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक एकेकट्या राहतात, पोळे बांधत नाहीत. कोणी मातीत बीळ करते, तर कोणी, जसा आपला काळा भुंगा, वाळक्या लाकडात.

वांग्याचेच बघा. त्याच्या फुलातला पराग परागकोशाच्या टोकावरच्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडतो. भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो, तेव्हा पराग झडतो. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. तुरीच्या फुलावरही भुंगा आणि पाने गोल कातरून नेणारी माशीच जास्त उपयोगी. आपण मात्र कातरलेले पान दिसले की कीड समजून फवारणी करतो.

आमच्या सोसायटीत तुळशीमागे मोकळ्या मातीचा एक पट्टा होता. निळ्या पट्ट्यांच्या माश्या तिथल्या बिळांत ये-जा करायच्या. सकाळी तुळशीला पाणी घालताना त्यांची घुंघुं ऐकू यायची. मागच्या वर्षी तिथे पेव्हर ब्लॉक बसले. यंदा तुळशीला मंजिऱ्या भरपूर आल्या, पण माशी एकही नाही. मला याचे फार वाईट वाटते.

गावी वेगळीच अडचण. तिथे माती आहे, पण जेसीबीने बांध कोरले, उरलेल्यावर तणनाशक मारले. बांधावरचा तरवड गेला. वांग्यावर येणारा भुंगा एरवी त्या पिवळ्या फुलांवर पोट भरतो. तुरीचा बहर संपल्यावर त्याने जायचे कुठे?

महापालिकेच्या उद्यान विभागाने प्रत्येक बागेत एक कोपरा न खोदता, न फरशी घालता सोडावा. वठलेला ओंडका लगेच उचलू नये. कृषी सहायकांनी बांध न जाळण्याबद्दल शेतकऱ्यांशी बोलावे. लोक डंखाला घाबरतात, पण या एकट्या माश्या राखायला पोळे नसल्याने अंगावर धावून येत नाहीत. नराला तर नांगीच नसते.

कुंपणालगतचे ब्लॉक पावसाळ्याआधी उचलावेत, असा अर्ज मी सोसायटीच्या समितीकडे दिला आहे.

आपली,
एक वाचक, पुणे