‘निष्क्रिय’ जंतू म्हणजे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महालातल्या आमच्या गल्लीत दोन आठवड्यांपासून घराघरांत हगवण आहे. काल शेजारची सून आपल्या अंकाचं कात्रण घेऊन आली. नळाच्या पाण्यात जंतू सापडले, ‘पण ते निष्क्रिय आहेत’, असं एका अधिकाऱ्यानं सांगितल्याची ती बातमी. तिनं विचारलं, “मावशी, मंग आता पाणी नाही उकळलं तं चालते ना?”

म्हणून हे पत्र. मी ३० वर्षं प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते.

१९९२ च्या डिसेंबरात रक्ती आंव झालेल्या एका लेकराच्या शौचातून आम्ही शिगेला जंतू वेगळा केला होता. काँगो रेड हा रंग घातलेल्या आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, त्याच्या वसाहती (जंतूंचे ठिपक्यांएवढे पुंजके) लाल यायला हव्यात; लाल म्हणजे जंतू हल्ल्याला तयार. सकाळी प्लेट पाहिली तर साऱ्या पांढऱ्या! मला वाटलं, माझाच हात चुकला. सरांनी इन्क्युबेटरचा, म्हणजे प्लेटा उबेत ठेवायच्या पेटीचा, थर्मामीटर काढून दाखवला: पारा ३० अंशांवर. थर्मोस्टॅट बिघडला होता. त्याच वसाहती ३७ अंशांवर पुन्हा वाढवल्या आणि दुसऱ्या दिवशी लालभडक.

जंतू तोच. आतड्याच्या पेशीत घुसण्याची त्याची हत्यारं ज्या जनुकांवर बनतात, ती गारव्यात बंद असतात. एच-एनएस नावाचं प्रथिन व्हिर-एफ या जनुकाला दाबून धरतं. माणसाच्या अंगची ऊब लागली की तिथल्या डीएनएचा बाक कमी होतो, पकड सुटते. व्हिर-एफ व्हिर-बीला उठवतं आणि पुढची सारी साखळी चालू होते. हत्यारं बनवायला शक्ती लागते, ती तो नळात कशाला खर्च करील? 

म्हणजे नळाच्या पाण्यात हा जंतू गप्पच असणार. पोटात गेल्यावर नाही. आणि शिगेलाचे शंभरएक जंतूही माणसाला आजारी पाडायला पुरतात.

‘निष्क्रिय’ हा शब्द आपण ठळकपणे मागे घ्यावा. त्याऐवजी गल्लीच्या शेवटच्या नळाला क्लोरीन किती उरतं, तो आकडा रोज छापा. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. तोवर पाणी खळखळ उकळूनच प्यावं, हेही लिहा. शेजारच्या सुनेला मी सांगितलं आहे, पण बाकीच्या घरांत अजून तेच कात्रण फिरतंय.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
महाल, नागपूर