‘सुदैवाने’ कोणाच्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान ७ वर परदेशातल्या बस अपघाताची बातमी वाचली. मृतांचा आकडा शेवटच्या ओळीत आणि मथळा काय, तर ‘सुदैवाने एकही भारतीय नाही’. सुदैव नेमकं कोणाचं, तेवढं छापायचं राहून गेलं.

२३ ऑगस्ट २०२४ ही तारीख आम्ही भुसावळ तालुक्यातले लोक विसरणार नाही. नेपाळात मर्स्यांगदी नदीकाठी बस कोसळली, २७ जण गेले, बहुतेक वरणगाव-तळवेलकडचे. खाली उतरून त्यांना वर काढणारे जवान नेपाळचेच होते. त्यांच्या पेपरातही तेव्हा ‘सुदैवाने’ छापून आलं असेल का, असा प्रश्न काल पहिल्यांदा पडला.

आमच्या कॉलनीत रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा आहे. सगळे त्याला बहादूर म्हणतात; खरं नाव कोणी विचारलेलं नाही, मीही नाही. माझं मूळ गाव वरणगाव, हे त्याला कुठून कळलं कोण जाणे. मृतदेह विमानाने जळगावला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात आला, चपला काढल्या, हात जोडले. म्हणाला, “साहब, हमारी नदी ने बहुत बुरा किया.” जणू नदी त्यानेच सोडली होती.

पाच महिन्यांनी, २२ जानेवारी २०२५ ला, पाचोऱ्याजवळच्या परधाडेपाशी आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून रुळांवर उतरलेली माणसं कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडली. मृतांत नेपाळचेही होते. आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज : ‘आपल्याकडचं कोणी नाही ना?’ दुसरा : ‘नाही, सगळे बाहेरचे.’ खाली तीन-चार जोडलेले हात, की लगेच केळीचे भाव सुरू.

बहादूर महिन्याचे पैसे घ्यायला आला तेव्हा त्याने विचारलं, “पाचोरा यहाँ से कितना दूर है?” मी किलोमीटर सांगितले आणि पन्नासची नोट दिली. का विचारतोस, एवढंही तोंडातून निघालं नाही. तेव्हा तुम्हाला नावं ठेवायचा हक्क मला कितपत आहे, ते तुम्हीच ठरवा. पण मथळा तुमचा होता.

जाता जाता : त्या अपघाताच्या आठवणीचा मजकूर छापताना तुम्ही तळवेलचं ‘तळेवाल’ केलंत. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ‘बघतो’ म्हणाले. दुरुस्ती अजून दिसली नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार, भुसावळ