पाणी फेकणारी गाडी आणि वाचलेलं हेड: मेस्त्रीमामांना आभारपत्र

आदरणीय मेस्त्रीमामा,

स. न. वि. वि.

ट्रक तापून रेडिएटरमधलं पाणी फेकायला लागला की आपल्या भागात दोनच सल्ले मिळतात: थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून टाका, नाहीतर हेड (इंजिनचं वरचं झाकण) उतरवा. तुम्ही दोन्ही थांबवलंत, म्हणून हे उघड पत्र. निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या बाकी गाडीवाल्यांनाही उपयोग व्हावा, म्हणून तपशिलासकट लिहितोय.

पान्याला हात लावण्याआधी तुम्ही विचारता, "तापते कधी?" उभ्या गाडीत तापमानाचा काटा चढतो आणि पळताना उतरतो, तर पंखा बघायचा, बेल्ट ढिला असेल किंवा पंख्याला गरजेप्रमाणे वेग देणारा व्हिस्कस क्लच गेला असेल. तवंदी घाट भरल्या गाडीनं चढतानाच तापते, तर संशय रेडिएटरवर. उसाच्या हंगामात पाचटाचा भुगा इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते, आत गादी झालेली असते. ती फट उघडून इंजिनच्या बाजूनं बाहेर पाणी मारायचं, तेही कमी दाबानं, नाहीतर जाळीच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स, वाकतात.

पण खरे आभार बुडबुड्यांसाठी. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले की सगळे म्हणतात, हेड गॅसकीट (हेडखालचं सील) गेलं. ब्रेकसाठी हवा भरणारा एअर कॉम्प्रेसरही याच पाण्यावर थंड होतो, आणि त्याचं गॅसकीट फुटलं तरी तसेच बुडबुडे येतात, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. तुमची परीक्षा बिनखर्चाची आहे. गाडी थंड असताना रेडिएटरचं टोपण काढायचं, एअर टाकी रिकामी करून इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता, चालू ठेवायचं. हवा भरेपर्यंत बुडबुडे येतात, आणि गव्हर्नरनं (हवेचा दाब सांभाळणाऱ्या झडपेनं) कॉम्प्रेसर मोकळा सोडल्यावर थांबतात किंवा एकदम कमी होतात, तर दोष कॉम्प्रेसरचा. हवा भरल्यावरही तसेच चालू राहिले, तर हेडकडे वळायचं. एअर टाकीच्या ड्रेनमधून कुलंटच्या (रेडिएटरमधल्या रंगीत द्रवाच्या) रंगाचं पाणी आलं, तर कॉम्प्रेसरवरचा संशय पक्का होतो. खातरजमेसाठी कॉम्प्रेसरचे दोन्ही पाण्याचे होसपाइप एकमेकांना जोडून थोडा वेळ आयडलवर बघायचं; त्या अवस्थेत गाडी रस्त्यावर मात्र काढायची नाही. हेड उतरवण्याच्या खर्चापुढे हे गॅसकीट म्हणजे किरकोळ काम.

थर्मोस्टॅटबद्दल तुमचं म्हणणं आता आम्हीही ठणकावून सांगतो. ज्या इंजिनात बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट थर्मोस्टॅटच बंद करतो, तिथं तो काढला की गरम पाणी रेडिएटर चुकवून तसंच पंपाकडे परततं आणि गाडी उलट जास्त तापते. बाकी इंजिनं गार पळतात, डिझेल खातात. आधी तपासा: भांड्यातल्या पाण्यात दोरीनं लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. ८२ अंशांचा असेल तर त्या सुमाराला उघडायला लागला पाहिजे, ९५ च्या आसपास पूर्ण उघडला पाहिजे.

रेडिएटरच्या टोपणाची गोष्ट तर लोक हसण्यावारी नेतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, इथं साधं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. ०.७ बारचा दाब धरणारं टोपण हाच आकडा ११४ च्या आसपास नेतं. टोपणाची स्प्रिंग मेलेली असली तर धडधाकट इंजिनही चढावर पाणी फेकणारच! म्हणून टोपण आणि रेडिएटर दोन्ही हातपंपानं दाब देऊन तपासायचे, टोपणावर लिहिलेल्या आकड्याच्या वर न जाता.

खालचा होसपाइप रेस दिल्यावर चपटा होतो का, वॉटर पंपाच्या छिद्रातून ओल येते का, हेही तुमच्यामुळे बघायची सवय लागली. पाण्यावर तेलाचा तवंग आला तर आधी ऑइल कूलर (इंजिनाचं तेल पाण्यानं गार करणारा भाग) बघायचा. बोअरचं पाणी घालणं मात्र अजून काही जण सोडत नाहीत. क्षाराचे थर आणि लायनरला (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीला) पडणारे खड्डे दाखवून तुम्हीच त्यांना चार शब्द सुनवा, आमचं कोणी ऐकत नाही.

कारखाने सुरू व्हायच्या आत एकदा तुमचा हातपंप घेऊन या. नवीन पोरं शिकायला तयार आहेत, टोपणं काढून ठेवतो.

तुमचे,
सीमाभागातले ट्रकमालक आणि ड्रायव्हर