अण्णांच्या माळ्यावरचे गॉगल

प्रिय बाळू,

अण्णांचा माळा अखेर उघडला. शिरीषने उतरवलेले सगळे खोके सध्या माझ्याकडे आहेत. हे तुलाच लिहायला हवं, कारण खोक्यांवरची अक्षरं तुझी आहेत. प्लास्टिकच्या फ्रेमांच्या खोक्यांवर ‘शेल, मोठे’, ‘शेल, मांजरडोळे’, मग ‘मेटल, पायलट’ आणि एकावर नुसतं ‘अण्णांना विचारणे’. आता कोणाला विचारू?

माझी तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू आहे. मुद्द्यावर येतो.

मुंबईचा एक व्यापारी शिरीषला सगळा माल एकगठ्ठा मागतोय, तोही ‘ओरिजिनल काचांसकट’. जुन्या घाटणीच्या गॉगलांना आज असा उठाव आहे की तो पैसे रोख मोजायला तयार आहे. शिरीषला पैशांची गरज आहे हे तू जाणतोस. पण त्यातल्या निम्म्याहून जास्त काचा डोळ्यांवर चढवण्याच्या लायकीच्या नाहीत. तो माणूस त्या पोरीबाळींना ‘व्हिंटेज’ म्हणून विकणार आणि त्या भर मे महिन्यात घालून फिरणार. अण्णांच्या दुकानातून असा माल बाहेर जावा हे मला सहन होत नाही.

हे वेड नवं नाही. रेबॅनचा वेफेरर गॉगल १९५२ चा. १९८१ साली जेमतेम १८,००० खपले होते आणि मोडीत निघायच्या बेतात होते. १९८३ मध्ये टॉम क्रूझने ‘रिस्की बिझनेस’मध्ये घातला आणि त्या वर्षी ३,६०,००० गेले. पायलट गॉगलचं नशीब १९८६ च्या ‘टॉप गन’ने पालटलं आणि २०२२ च्या ‘मॅव्हरिक’ने पुन्हा उजळलं. मधे २०१८ च्या सुमारास किम कार्डाशियन, बेला हदीद वगैरेंनी नव्वदच्या दशकातले चिंचोळे गॉगल डोक्यात भरवले. वरून सगळं ऊन आत येतं, फोटो मात्र छान निघतो. आता पुन्हा सत्तरच्या दशकातले मोठे, खाली फिके होत जाणारे. झीनत अमानचा ‘हरे रामा हरे कृष्णा’तला मोठा गोल चष्मा दाखवून ‘असाच द्या’ म्हणणारी गिऱ्हाइकं येतात. आणि हो, ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’मध्ये ऑड्री हेपबर्नच्या डोळ्यांवर वेफेरर नव्हता. तो ऑलिव्हर गोल्डस्मिथचा ‘मॅनहॅटन’ होता. पैज तू हरलास, मिसळ अजून बाकी आहे.

आता काचा. ‘शेल, मोठे’मधल्या बऱ्याच काचा साध्या रंगवलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या आहेत. काळोख भरपूर, अतिनील अडवायला काही नाही. नुसती उघडी नजर असली तर माणूस डोळे बारीक करतो, बाहुली आकसते. गडद काचेमागे बाहुली उघडते आणि अतिनील किरण जास्त आत जातात. म्हणजे अशा गॉगलपेक्षा गॉगल नसलेला बरा. मी ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चने एकेक तपासतोय. नोट खाली ठेवायची, काचेतून प्रकाश पाडायचा, नंबराची पट्टी चमकली की काच बाद. बाजारात मिळणारी स्वस्त जांभळी टॉर्च घेऊ नये, ती ३९५ ची असते आणि चांगल्या काचेतूनही थोडी झिरपते. नोट चमकलीच नाही तरी काच लगेच पास करायची नाही. नुसता गडद रंगही चमक दाबतो, म्हणून शंका आली की अतिनील मोजणाऱ्या मीटरवर ठेवायची.

‘मेटल, पायलट’चा खोका मात्र सोनं आहे. दहा-बारा तुकड्यांवर ‘१/१० १२के जीएफ’चा शिक्का आहे, म्हणजे गोल्ड-फिल्ड, वजनाच्या दहाव्या भागाएवढा १२ कॅरेट सोन्याचा थर. काचेच्या बाहेरच्या कडेशी, काडीच्या बाजूला, भिंग लावलं की बारीक ‘बीएल’ कोरलेलं दिसतं. म्हणजे रेबॅन बॉश अँड लॉम्बकडे होतं त्या वेळच्या. १९९९ मध्ये लक्सॉटिकाने रेबॅन घेतलं, त्यानंतरच्या काचांवर ‘आरबी’ असतं. जी-१५ काच आहे, १५ टक्के प्रकाश सोडते, काचेतच मिसळलेल्या रंगामुळे अतिनीलही अडवते. फक्त खरी काच असल्याने पडली की फुटते. नाकावरच्या ब्रिजच्या डाखाजवळ हिरवं आलेलं असेल तर आधी तो जोड बघायला हवा, नोजपॅड नंतर.

शेल फ्रेमांचा प्रश्न वेगळा. खोका उघडला की व्हिनेगरचा वास येतो, म्हणजे फ्रेमचं प्लास्टिक, अ‍ॅसिटेट, कुजायला लागलंय. ते लवचिक ठेवणारा प्लास्टिसायझर बाहेर पडतो, पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी खपली येते, फ्रेम आकसते आणि जुनी काच खोबणीत कचकन दाबली जाते. एक मांजरडोळा हातात धरलाय, तपकिरी, कोपऱ्यांवर बारीक चकाकणारे दगड. काडीतल्या तारेभोवती हिरवट मेण साठलंय, बिजागरीच्या स्क्रूचं डोकं त्यात बुडालंय. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश आणि लाकडी टूथपिक, एवढंच वापरायचं. अ‍ॅसिटोन तर नकोच, ते फ्रेमच विरघळवतं. स्पिरिटही नको, पृष्ठभाग दुधाळ होतो. खपली गेली की पांढऱ्या पेस्टने बफिंग करायचं, पण चाक जोरात दाबलं की प्लास्टिक वितळून लाट येते.

नवी काच बसवताना खरी परीक्षा. आकसलेल्या फ्रेममध्ये काच पाव मिलिमीटरने जरी मोठी घासली, तरी नाकाशी किंवा बिजागरीपाशी चीर जाते. मग फ्रेम गेली. म्हणून जुन्या काचेच्या मापावर न जाता खोबण मोजून घासायची. हीटर साठ-सत्तर अंशांवर, हळूहळू, दोन्ही बाजूंनी फिरवत. कर्व्हही जुळायला हवा. सपाट फ्रेममध्ये सहाचा बेस, म्हणजे जास्त बाकदार काच, घातला की काच बाहेर ढकलली जाते आणि ग्राहक म्हणतो फिटिंग वाईट.

‘अण्णांना विचारणे’ या खोक्याची मला धास्ती आहे. अंगठ्याने घासलं की कापराचा वास येतो, म्हणजे सेल्युलॉइड. ते हीटरजवळ नेणं म्हणजे भडका. त्याचे वायू शेजारच्या चांगल्या फ्रेमा आणि बिजागऱ्या खातात, म्हणून तो मी वेगळा, हवेशीर आणि थंड जागी ठेवलाय. तो संग्रहाला जाऊ दे, डोळ्यावर नाही. अण्णांनी विकला नाही त्याअर्थी त्यांनाही हेच वाटत असावं. तू मात्र त्या काळी ‘अण्णा घाबरट’ म्हणून भांडला होतास, आठवतंय ना?

तर माझं म्हणणं असं. धातूचे पायलट जसे आहेत तसे त्या माणसाला विकायचे, भाव चढा लावायचा. चांगल्या शेल फ्रेमा काचा काढून, नुसत्या फ्रेमा म्हणून. ज्याला हव्या त्याने आपल्या नंबराच्या किंवा चांगल्या सीआर-३९ च्या (चष्म्याचं प्लास्टिक), यूव्ही-४०० म्हणजे अतिनील अडवणाऱ्या काचा बसवून घ्याव्यात. तिसऱ्या वर्गाची शेड, म्हणजे ८ ते १८ टक्के प्रकाश सोडणारी, आपल्या उन्हाला पुरते. चौथ्या वर्गाची गाडी चालवताना वापरायची नाही. गुलाबी, निळ्या, पिवळ्या फिक्या काचा घरात आणि संध्याकाळी ठीक, उन्हात काही कामाच्या नाहीत, शिवाय निळी काच सिग्नलचे रंग बिघडवते. शिरीष म्हणतो असं केलं तर व्यापारी निम्मा भाव देईल. मला वाटतं पायलटांत भरून निघेल.

सईचंच घे. तुझ्या पोरीने मला फोटो पाठवलाय, ५८ चा, म्हणजे ५८ मिलिमीटर रुंद काचेचा, मोठा चौकोनी, त्यात तिला वजा चारचा नंबर हवाय. ५८ आणि १४ चा ब्रिज म्हणजे फ्रेमचा पीडी, दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर, ७२. तिचा पीडी, म्हणजे बाहुल्यांमधलं अंतर, ६२ धरला तर प्रत्येक काच पाच मिलिमीटर आत सरकवावी लागते आणि बाहेरची कड सीआर-३९ मध्ये जवळजवळ साडेसहा मिलिमीटर जाड येते. तेच ४६-२२ चा गोल घेतला तर पावणेपाच. १.६७ इंडेक्सची, म्हणजे पातळ होणारी काच, घेतली तर मोठ्यातही पाचच्या आसपास येईल, पण तिच्यावर रंग हळू चढतो. तिला सांग, तो छोटा गोलच घे. सत्तरच्या दशकाचा थाट हवा असेल तर रंगात उतरवू. सीआर-३९ काच उलटी धरून नव्वद अंशांच्या रंगात बुडवून हळूहळू वर काढली की वरचा भाग गडद आणि खालचा फिका येतो. घाई केली की मधे रेघ पडते, आणि ती रेघ नंतर जात नाही.

तुझं बँकेतलं प्रमोशन झालं का? वहिनींचं घराचं काम कुठवर आलं? बडोद्यात पाऊस पडला का, एवढंच विचारतो, बाकी भेटीत.

शिरीष मला ऐकत नाही, तुला ऐकेल. त्याला फोन कर आणि एवढंच सांग, काचा काढल्याशिवाय शेलचा खोका देऊ नकोस. रविवारी तो माणूस येतोय, त्याआधी. आणि सईचा पीडी कळव, दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा.

तुझा,
दिलीप