आपली बँडसॉ आता उभीपण चालते

प्रिय बेटा,

परवा फोनवर सांगतच होतो का बँडसॉचं, म्हणजे आपल्या त्या लोखंड कापायच्या पट्टी-करवतीचं, काम झालं, तं रेंज गेली अन् गोष्ट अर्धीच राहिली. तुही माय झोपली, मी ओट्यावर बसून टाईप करून राहिलो, मोठं होईल पण पूर्ण वाच.

तुले वाटत असेल बाबानं एवढा खटाटोप काहून केला, नवा चकतीवाला कटर घेतला असता तं काम चाललं असतं. पण दिवाळीपासून होळीपर्यंत शेजारच्या काकांच्या ओसरीत कापूस भरला असते, तू लहान असतांना त्याच्यावर उड्या मारायची. मागच्या वर्षी भाव वाढेल म्हणून त्यांनी मार्चपर्यंत हिंगणघाटले नेलाच नाई. अन् आपला कटर चालू केला का ठिणग्या पार रस्त्यापर्यंत. एका रात्री मी दोनदा उठून त्यांच्या ओसरीत टॉर्च मारून पाहून आलो, झोपच लागली नाई. वेल्डिंग मी मागं नाल्याकडे नेलं, पण २० फुटी पाईप मागच्या बोळीत वळत नाई, कापणं समोरच करा लागते. बँडसॉ थंडी कापते, ठिणगी नाई. म्हणून ठरवलं का बुटीबोरीहून भंगाराच्या भावात आणलेली ती मशीन आता नीट करायचीच.

दिवाळीत तू म्हणाली होती ना, बाबा मशीन खराब नाई, ब्लेड चुकीचं आहे. तेच खरं निघालं. मी मोठ्या दाताचं ब्लेड लावून ३ एमएमचा पाईप कापत होतो, दोन दातांच्या मधात पाईपाची जाडी बसे अन् दात तुटे. कापतांना कमीत कमी तीन दात मालावर पाहिजे, तू स्केल ठेवून मोजून दाखवलं होतं. आता ५-६ एमएमच्या अँगलले इंचाले १४ दात, पातळ पाईपाले २४, अन् ५० एमएमचा भरीव बार आला तं ६-१० वालं, नाई तं बारीक दातात भुसा भरून जाते अन् ब्लेड नुसतं घासत राहते. अँगलपण आता छपरासारखा पालथा ठेवतो, टोक वर. आडवा ठेवला का एकदम रुंद पट्टी ब्लेडखाली येते.

काप वाकडा जात होता त्याचं कारण गाईडच्या, म्हणजे ब्लेडले सरळ धरून ठेवते त्या भागाच्या, बेअरिंगा. पार खडखड करत होत्या. चारही बदलल्या अन् गाईड मालाच्या जितकी जवळ आणता येईल तितकी आणली, मधात ब्लेड मोकळं राहिलं का ते वाकतेच. मग गुण्या लावून पाह्यलं, सरळ. ते पाहून मले किती बरं वाटलं ते लिहिता येत नाई.

सगळ्यात जास्त दिवस त्या हेडनं, म्हणजे ब्लेडवाल्या वरच्या भागानं, खाल्ले. स्प्रिंगवर होतं, पाईपाची एक भिंत कापून झाली का धपकन खाली येऊन दुसऱ्या भिंतीवर आदळे. मी ४० एमएमचा जुना रॉडवाला सिलेंडर हेडखाली लावला, दोन्ही तोंडं नळीनं जोडली, मधात ऑईलची धार कमी-जास्त करायचा नीडल व्हॉल्व्ह, आत ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑईल. हेड चार बोटं खाली आलं अन् अडकलं, व्हॉल्व्ह पूर्ण खोलला तरी हलेना. दोन दिवस मी व्हॉल्व्हच बदलत होतो. मग रात्री तुले व्हिडिओ कॉल केला तं तू पाह्यलं अन् लगेच म्हणाली, बाबा रॉडच्या बाजूले रॉडच जागा घेते, बुडाकडचं सगळं ऑईल तिथं मावेल कसं? चार बोटं आलं ते आत हवा राहिली होती म्हणून. मग रॉडची बाजू मोकळी सोडली, बुडाकडून नळी काढून व्हॉल्व्हमधून वर टांगलेल्या बाटलीत नेली, सोबत एकाच बाजूनं ऑईल जाऊ देणारा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे हेड उचललं का ऑईल लगेच परत आत. आता पाव फेरा फिरवला का हेड गोगलगायीसारखं उतरते. तुले शिकवायले पैसे कमी पडत होते तेव्हा लोकं काय काय बोलले ते मी विसरलो नाई, त्या रात्री ते सगळं आठवलं.

मोटरचं सांगतो. थ्री फेज मोटर मी सिंगल फेजवर कपॅसिटर लावून चालवत होतो, जोरच नव्हता. अन् साधा स्विच होता. मागच्या महिन्यात लाईट गेली, स्विच तसाच चालू राहिला, आपल्या कामावरचा पोऱ्या ब्लेडखालचा तुकडा काढायले वाकला अन् लाईट आली. बाही फाटली, हात वाचला. त्याच्या आईले मी स्वतः जाऊन सांगितलं. चूक माही होती, त्या दिवशी मशीन बंदच ठेवली. आता व्हीएफडी लावला, म्हणजे सिंगल फेजची थ्री फेज करून मोटरचा वेग कमी-जास्त करायचा डबा, घरच्या २३० व्होल्टवर चालते, त्यासाठी मोटरच्या डब्यातल्या जोडणीच्या पट्ट्या स्टारमधून डेल्टात केल्या. दाबायचं हिरवं-लाल बटन बसवलं अन् लाईट आल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग बंद केली. लाईट आली तरी हिरवं दाबल्याशिवाय ब्लेड हलत नाई, मी वीस वेळा मेन बंद-चालू करून पाह्यलं. वेग बदलायच्या पुल्या पण ठेवल्या, ब्लेड मिनिटाले ८०, १२०, २०० फूट चालते. नुसत्या व्हीएफडीनं लय हळू चालवली तं मोटरचा पंखापण हळू फिरते अन् मोटर तापते.

अन् उभं करायचं टेबल, त्याच्यासाठीच एवढं लिहून राहिलो. १० एमएमची प्लेट, दीड फूट बाय दीड फूट, ब्लेडसाठी चीर पाडली. वेल्डिंग केलं असतं तं प्लेट वाकली असती, म्हणून चार बोल्ट. हेड उभं केलं का ब्लेड वरून खाली टेबलाकडे दाबते, माल जाग्यावर राहते. डवऱ्याच्या पट्ट्या, ट्रॉलीच्या कोपऱ्याले जोर द्यायच्या गसेट प्लेटी हातानं फिरवत कापतो. हातमोजे घालत नाई, ब्लेडनं धागा धरला तं हात ओढून नेईल, शेवटचा इंच लाकडाच्या तुकड्यानं ढकलतो.

वखराची पास, म्हणजे खालची पात, करायले लोकं ट्रकच्या कमानीचे पाटे आणतात. ते पाणी दिलेलं, म्हणजे तापवून विझवून कडक केलेलं लोखंड, सरळ कापलं तं ब्लेडचे दातच जातात. म्हणून पाटा लाल करून पऱ्हाटीच्या राखेत रात्रभर गाडून ठेवतो, सकाळी नरम, मग कापतो, धार झाली का लोहारदादा परत पाणी देते.

एक काम अडलं आहे. अर्ध्या इंचाचं ब्लेड अडीच इंचाहून कमी त्रिज्येच्या गोलाईले वळत नाई. शनिवारी येतांना नागपूरच्या इतवारीत जाऊन पाव इंचाचं, १४ दाताचं ब्लेड जोडून आण, लांबी ६४ इंच अन् वर अर्धा. जॉइंट मारल्यावर तिथंच थोडा गरम करून नरम करायले सांग, नाई तं जॉइंटच्या बाजूलेच तुटते. पैसे मी सकाळी पाठवतो. तू आली का पहिला गोल काप तूच मार.

तुहा बाबा